शेजारच्या वाट्या

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. शिकणारी मुलं म्हणत ते समजण्यासारखं होतं, पण निवृत्तीला टेकलेला भांडारपालही म्हणे आणि वयाने मोठे असलेले, प्रयोगशाळेचे प्रमुख सरही. एवढ्या तोंडांनी ताई म्हटलं की सख्खं भावंड नसल्याची उणीव भरून निघायला हवी. तसं काही झालं नव्हतं. लोक हाक मारत ती काम अडलं की, आणि अडलेलं काम सुटलं की हाक मारणारा पाठ फिरवून जाई. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. ताई कामात चोख आणि बोलण्यात कोरडी होती. अशा माणसाचा लोक आदर करतात, पण त्याच्याजवळ बसत नाहीत.

तिचा दिवस पेशींच्या खोलीत जाई. दोन दारं ओलांडून आत जायचं, खिडकी नाही, हवा गाळून येणारी. एका भिंतीला काचेचा पडदा असलेलं टेबल, त्यातला पंखा सतत घुमणारा. दुसऱ्या भिंतीला दोन इनक्यूबेटर, म्हणजे शरीराइतकी ऊब धरून ठेवणारी कपाटं. त्यांत तळहाताएवढ्या पारदर्शक ताटल्या, आणि प्रत्येक ताटलीत सहा गोल खळगे, वर तीन, खाली तीन. ताई त्यांना वाट्या म्हणे. प्रत्येक वाटीच्या तळाशी यकृताच्या पेशींचा थर, एकीला एक चिकटून बसलेल्या, आणि वर गुलाबी रंगाचं पोषकद्रव्य. एक दिवसाआड ते बदलायचं. खोलीत दुसरं कुणी नसलं की मायक्रोस्कोपला डोळा लावून ताई विचारी, "काय मंडळी, जेवलात का नीट?" मंडळी उत्तर देत नसत, पण पोट भरलेली पेशी आणि उपाशी पेशी यांतला फरक ताईला एका नजरेत कळे.

तिचं काम होतं फॉर्माल्डिहाइडवर. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्यात वर्षानुवर्षं न कुजता उभा असतो, त्या पाण्यातला हा रेणू. विष म्हणून सगळ्यांना माहीत, पण आपलं शरीर तो स्वतःच क्षणोक्षणी थोडाथोडा तयार करतं, हे फार थोड्यांना ठाऊक. चिमुकला रेणू, कार्बनचा एकच अणू पोटात. एकटा म्हणून त्याला राहवतच नाही. समोर येईल त्याचा हात धरतो आणि सहसा सोडत नाही.

पेशीत तो कुणाचा हात धरतो, हे ताईने शोधलं होतं. पेशीच्या डीएनएचा लांबलचक धागा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, आणि त्या रिळांवर बारीक खुणा चिकटवलेल्या असतात: हा भाग उघडा ठेवा, हा बंद. हजारो खणांच्या कपाटावर चिठ्ठ्या लावाव्यात तसं. चिठ्ठ्यांचा कागद पुरवणारा एक कारखाना पेशीत असतो, एक एन्झाइम. फॉर्माल्डिहाइड जाऊन नेमका त्याच्या बिजागरीला चिकटतो. कारखाना मंदावतो, कागद कमी पडतो, चिठ्ठ्या गळू लागतात आणि जे खण जन्मभर बंद राहायचे ते हळूहळू उघडतात. यकृताची पेशी आपण यकृताची आहोत हे विसरायला लागते. हे सगळं ताईने तीनतीनदा करून पाहिलं होतं. निष्कर्ष खणखणीत होता, आणि संस्थेत त्याची फारशी वाच्यता नव्हती.

वाच्यता झाली ती दुसऱ्याच गोष्टीची.

झालं असं, की वरच्या तीन वाट्यांत ताई फॉर्माल्डिहाइड घाली आणि खालच्या तीन तशाच ठेवी, तुलनेसाठी. एकदा तिने खालच्या तीनही तपासल्या आणि त्यांच्याही चिठ्ठ्या गळलेल्या निघाल्या. वाट्यांमध्ये उंच कड होती, पाणी इकडचं तिकडे जाणं शक्य नव्हतं. पूर्ण कोरी ताटली वेगळी ठेवली तर तिच्यातल्या पेशी ठणठणीत. म्हणजे शेजारी विषबाधा झाली की न बाधलेल्यांवरही परिणाम होत होता.

सरांचा पहिला प्रश्न बरोबर होता. "वाफ गेली असेल, ताई. तो रेणू उडतो."

"मलाही तेच वाटलं," ताई म्हणाली. "पाहते."

तिने पाहिलं. वरच्या तीन वाट्या पेशींशिवाय ठेवल्या, नुसत्या द्रवात तितकंच फॉर्माल्डिहाइड घातलं आणि खाली पेशी. खालच्यांना काहीही झालं नाही. म्हणजे नुसती वाफ नव्हती. वर पेशी असतील तरच खाली फरक पडत होता. बाधलेल्या पेशी शेजारणींना काहीतरी कळवत होत्या, हवेतून, एखाद्या वासासारखं.

सर खुर्चीतून उठले. ते सहसा उठत नसत. "शेजारधर्म!" ते म्हणाले. "ताई, याला आपण शेजारधर्म म्हणायचं."

नाव चिकटलं. शोधनिबंध लिहून पाठवला गेला, सरांना मोठ्या परिषदेचं बोलावणं आलं, आणि ताईच्या आयुष्यात एक अगदी साधी गोष्ट घडली: तिला जेवायला हाका येऊ लागल्या.

तळमजल्यावर जेवणाची खोली होती. मध्ये लांब टेबल, त्याभोवती मुलांचा कलकलाट, आणि खिडकीशी एक छोटं टेबल, एकाच माणसाला पुरेल असं. इतकी वर्षं ताई खिडकीशी बसत आली होती. ती जागा तिला कुणी दिली नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती. शेजारधर्माची बातमी फुटली त्या आठवड्यात लांबूने, म्हणजे गटातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत आगाऊ विद्यार्थ्याने, लांब टेबलाची एक खुर्ची पायाने बाहेर ओढली आणि ओरडला, "ताई, इकडे! शेजारधर्म शिकवता आणि स्वतः वाळीत बसता?"

सगळे हसले. ताईही हसली, आणि डबा उचलून तिथे जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा रिकामी ठेवलेली होती, आणि तिसऱ्या दिवशीही. तिला कळलं की मुलं तिच्या कोरड्या बोलण्यालाच हसतात, आणि ते हसणं वाईट नाही. लांबूच्या डब्यात काय आहे, कुणाचं लग्न ठरतंय, कुणाच्या घरमालकाने नळ तोडला, हे तिला माहीत होऊ लागलं. लांबूच्या प्रबंधातलं एक प्रकरण आता शेजारधर्मावरच होतं. तो म्हणे, "ताई, तुमच्या मंडळींनी माझं घोडं गंगेत न्हाऊ घातलं."

संध्याकाळी आत्याचा फोन येई. ताईला लहानाचं मोठं केलं ते आत्याने. दोघी एकत्र राहत होत्या ते आत्याचे गुडघे जाईपर्यंत. मग आतेभाऊ येऊन तिला आपल्याकडे घेऊन गेला, दुसऱ्या शहरात, लिफ्ट असलेल्या घरात. तिचं शिवणयंत्र मात्र इथेच राहिलं, ताईच्या बाहेरच्या खोलीत, झाकण घालून.

"मी इथं सगळ्यांना सांगितलं," आत्या म्हणाली. "खालच्या बाईंना, दूधवाल्याला, वहिनीच्या आईला. म्हटलं, आमच्या पोरीनं शोधून काढलंय, आपल्या आतल्या पेशी एकमेकींना आधीच सावध करतात. वहिनीची आई म्हणाली, मग माझ्या का नाही करत?"

"अगं, अजून छापून यायचंय ते."

"छापतील गं. तू जेवतेस ना वेळेवर?"

"सगळ्यांबरोबर जेवते आता."

"बरं झालं," आत्या म्हणाली, आणि घाईने दुसरंच काहीतरी बोलू लागली.

मग चिमणीचा फोन आला.

चिमणी हे तिचं टोपणनाव, सतत चिवचिवाट करायची म्हणून पडलेलं. पेशींच्या खोलीत ताईच्या पाठीला पाठ लावून ती कित्येक वर्षं बसली होती. द्रव मोजून ओढायची पिपेट धरायला तिला ताईनेच शिकवलं. मग तिला दूरच्या संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. जाताना गळ्यात पडून रडली, रोज फोन करीन म्हणाली. रोजचा फोन आठवड्याचा झाला, आठवड्याचा वाढदिवसाचा, आणि पुढे वाढदिवशी नुसता निरोप. कुणाचं भांडण झालं नव्हतं, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं.

"ताई, रागावू नकोस," ती म्हणाली. "तुमचा शेजारधर्म आमच्याकडे येत नाही गं. मुलं महिनाभर करतायत. खालची ओळ ढिम्म."

"वरची?"

"वरची येते. म्हणजे मात्रा वाढवावी लागते, पण येते. तुझं मूळ काम शंभर टक्के बरोबर आहे. फक्त हे शेजारचं काही जमत नाही. मी सरांना कळवलंय. म्हटलं, तुला आधी सांगावं. खरं तर आधीच सांगायला हवं होतं."

सरांनी ते मनावर घेतलं नाही. "हात कच्चे आहेत तिचे," ते ताईला म्हणाले. "परिषदेत कुणी विचारलं तर मी तेच सांगणार. सगळ्यांना पेशी सांभाळता येत नाहीत."

त्या हातांना वळण ताईनेच लावलं होतं. चिमणी बोलायला लागली की थांबत नसे, पण तिचा हात कधी हलला नव्हता. भर परिषदेत, सगळ्या क्षेत्रासमोर, सरांच्या तोंडून "हात कच्चे" हे शब्द निघाले की नव्याने प्रयोगशाळा मांडणाऱ्या बाईला ते जन्मभर पुरतात. ताईला झोप आली नाही असं नाही, झोप आली. पण सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच होता. तिने चहा ठेवला आणि चिमणीला फोन लावला.

"पहिल्यापासून सांग. पायरी न पायरी."

"अगं, मी आत्ता केस विंचरतेय."

"विंचर. बोलत बोलत विंचर."

चिमणी हसली, आणि जुन्या सवयीने दोघी एकेक पायरी म्हणत गेल्या. पेशी किती, ताटली कुठली, ऊब किती, झाकण कसं. सगळं जुळत होतं. जुळणारच, एकाच घरचा स्वयंपाक होता.

"मग आदल्या संध्याकाळी सीरम काढायचं, उपाशी ठेवायचं," ताई म्हणाली.

"ते नाही करत आम्ही."

"काय नाही करत?"

"उपाशी नाही ठेवत. आमच्याकडे सगळे भरल्या पोटी असतात. तू अजून ठेवतेस? बाई गं, सासू शोभशील."

ताई हसली नाही. हातातल्या कपातला चहा तिने तसाच ओट्यावर ठेवला. सीरम म्हणजे पेशींचं जेवण, द्रवात मिसळलेलं, प्रथिनांनी भरलेलं. प्रयोगाआधी ते काढून टाकायचं, म्हणजे सगळ्या पेशी एकसारख्या शांत होतात, ही त्यांच्या प्रयोगशाळेची जुनी रीत. आणि फॉर्माल्डिहाइड प्रथिनांना चिकटतो, हे तर ती मुलांना पहिल्याच दिवशी शिकवी. चिमणीला मात्रा का वाढवावी लागली, हे आता उघड होतं. निम्मा माल जेवणातच अडकत होता.

"ताई? आहेस का?"

"आहे. तू विंचर. मी करते नंतर."

ती बसमध्ये बसली तरी डोकं त्याच जागी होतं. पेशी असलेल्या वाट्यांत उपाशी पाणी, म्हणजे सीरम नसलेलं. ठीक. पण तो दुसरा प्रयोग, ज्यात वरच्या वाट्या रिकाम्या होत्या, ज्याच्या जोरावर सर खुर्चीतून उठले होते, त्या वाट्यांत तिने कुठलं पाणी घातलं होतं?

शोधायची गरज नव्हती. तिला स्वतःचा हात दिसत होता. जेवणाची बाटली संपत आलेली, तळाशी तीन वाट्यांपुरतं उरलेलं. खालच्या पेशींसाठी उपाशी पाणी मोजून घेतलं, आणि वरच्या वाट्यांत ते उरलेलं जेवण ओतलं. रिकाम्या वाटीत उपाशी ठेवायला होतं कोण? वाया कशाला घालवा? आत्याच्या हाताखाली वाढलेल्या मुलीला ताटात उरलेलं टाकवत नाही. त्या जेवणाने फॉर्माल्डिहाइड जागच्या जागी धरून ठेवला, हवेत उठूच दिला नाही, आणि खालच्या पेशी सुखरूप राहिल्या. पेशी असलेल्या वाट्यांत मात्र पाणी उपाशी, धरायला प्रथिनं नव्हती. तिथला फॉर्माल्डिहाइड उठला आणि झाकणाखालच्या हवेतून शेजारी उतरला.

कुणी कुणाला काही कळवलं नव्हतं.

अर्थात हे सगळं बसमधलं झालं. बसमध्ये माणूस काहीही सिद्ध करू शकतो. तिने त्याच दिवशी प्रयोग लावला: वर रिकाम्या वाट्या, या वेळी उपाशी पाण्याच्या, आणि त्यांत फॉर्माल्डिहाइड. खाली पेशी. वर एकही पेशी नाही, म्हणजे बोलणारं तोंडच नाही. तरी खालच्यांच्या चिठ्ठ्या गळल्या तर प्रश्न मिटला.

गळल्या.

तिने पुन्हा केलं. पुन्हा गळल्या. मग तिसऱ्यांदा केलं, आणि हे तिसरं खरं तर गरजेचं नव्हतं. ताई स्वतःशी खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती, त्यामुळे तिला हेही माहीत होतं की जोवर प्रयोग चालू आहे तोवर निष्कर्ष नाही, आणि जोवर निष्कर्ष नाही तोवर दुपारी लांब टेबलाशी बसता येतं. ती बसली. लांबूने गरम घास घाईने तोंडात घातला आणि सरांच्या बोलण्याची नक्कल केली, "ताई, याला आपण पोळलेलं तोंड म्हणायचं," आणि सगळी इतकी हसली की कुणाला तरी ठसका लागला. ताईने पाण्याचा पेला पुढे सरकवला. ज्याला ठसका लागला होता त्याने तो न बघता घेतला, घरच्या माणसाकडून घ्यावा तसा. त्या एका गोष्टीने तिला जेवण गेलं नाही.

सरांना परिषदेला निघायला चार दिवस होते तेव्हा ती त्यांच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच सांगितलं. न सजवता, न रडता, बातमी द्यावी तसं. सरांनी मध्ये एकदाच विचारलं, "किती वेळा केलंत?"

"तीनदा."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

ते बराच वेळ टेबलावरच्या पेनाशी खेळत राहिले. "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असंही नाही म्हणता येत," ते शेवटी म्हणाले. "आपणच फांदी कापून ठेवली होती."

"मी कापली," ताई म्हणाली. "तुम्ही वाफेचं पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

"निबंध परत मागवावा लागेल."

"हो."

"परिषदेनंतर सांगितलं असतंत तर..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. वाईट माणूस नव्हते ते, फक्त थकलेले होते. "मी तो भाग काढतो. पण गटाला तुम्ही सांगा, ताई. उद्याच्या बैठकीत. माझ्याच्यानं नाही होणार."

त्या संध्याकाळी तिने आधी चिमणीला फोन लावला. पलीकडे कुणाचं तरी मूल रडत होतं, भांडी वाजत होती.

"तुझे हात चांगले आहेत," ताई म्हणाली, आणि काय झालं ते सांगितलं.

चिमणी आधी गप्प झाली, ही नवलाची गोष्ट. मग म्हणाली, "रिकाम्या वाटीत जेवण घातलंस? तू?"

"मी."

"अगं, मला वाटलं होतं मीच काहीतरी विसरले, तू शिकवलेलं. महिनाभर झोप नाही लागली नीट." मूल मोठ्याने रडायला लागलं. "थांब रे, आले! ताई, मी उद्या करते हं फोन. नक्की करते. बरं केलंस, सांगितलंस." आणि फोन बंद झाला.

उद्या ती फोन करील किंवा नाही करणार. ताईने त्याचा हिशेब केला नाही.

बैठकीत सगळं सांगायला फार वेळ लागला नाही. खरी गोष्ट थोडक्यात सांगता येते. फळ्यावर तिने सहा वर्तुळं काढली, वरच्या तिनांतून खाली बाण काढले आणि म्हणाली, "हा बाण म्हणजे निरोप नाही. ही नुसती वाफ आहे. वरच्या ओळीत जे होतं ते खरं आहे. खालच्या ओळीबद्दल आपण जे म्हणालो ते चुकीचं होतं, आणि ती चूक माझी आहे. कंट्रोलच्या, म्हणजे पेशी नसलेल्या वाट्यांत मी सीरम घातलं होतं."

लांबू म्हणाला, आवाज न चढवता, "ताई, अजून दोन महिने थांबला असतात तर माझा प्रबंध बांधून झाला असता."

"आणि मग कुणीतरी उघडून वाचला असता," ताई म्हणाली.

"माझा प्रबंध? कुणी वाचत नाही हो ते."

एकदोघं हसले, पण लांबू हसला नाही. तो उठून पाणी प्यायला गेला आणि परत आला नाही.

आत्याला सांगणं जास्त कठीण जाईल असं तिला वाटलं होतं. आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या एकमेकींना काही सांगत नव्हत्या?"

"नाही. निदान आम्ही म्हणत होतो तसं तरी नाही."

"मग फरक कशानं पडला त्यांना?"

"एकाच झाकणाखाली होत्या, म्हणून. वरचीचं विष हवेनं खालचीला लागलं."

"हे तर मला तू शिकायच्या आधीपासून माहीत आहे," आत्या म्हणाली. "एका घरात राहिलं की लागतंच." थोडं थांबून तिने विचारलं, "आता इथल्या लोकांना काय सांगू मी? दूधवाला रोज विचारतो."

"खरं सांग."

"बघते. तो विसरलाही असेल. लोकांना कुठं इतकं आठवतं." मग आवाज खाली आणून, "सरांनी काढून तर नाही ना टाकलं?"

"नाही. वरच्या ओळीचं काम आहे अजून. ते खरंय ना."

"मग बरं. तू का नाही येत इकडे चार दिवस? वहिनीही म्हणत होती."

"येईन. हे मार्गी लागलं की येईन."

दोघींनाही हे वाक्य पाठ होतं. आत्याने आग्रह केला नाही.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ताई डबा घेऊन तळमजल्यावर गेली. लांब टेबल भरलेलं होतं. तिच्या खुर्चीवर कुणाची तरी पाठीवरची पिशवी होती. मुद्दाम ठेवलेली असेल असं वाटत नव्हतं. खुर्ची रिकामी होती, पिशवी जड होती, एवढंच. खिडकीजवळचं टेबल मोकळं होतं आणि त्यावर ऊन पडलं होतं.

ती लांब टेबलापाशी थांबली. "ही कुणाची?"

बोलणं थांबलं. "माझी," लांबू म्हणाला. त्याने तिच्याकडे न बघता पट्ट्याला धरून पिशवी उचलली आणि पायाशी ठेवली. ताई बसली. डबा उघडला.

बोलणं पुन्हा सुरू झालं, पण ते तिच्या अलीकडून आणि पलीकडून जात होतं. कुणाच्या तरी घरमालकाने अखेर नळ दुरुस्त केला होता. कुणीतरी त्यावर काही बोललं, सगळे हसले आणि ताईला ते हसण्याचं कारण थोडं उशिरा कळलं. ती हसली तेव्हा बाकीचे थांबले होते. एकेक जण उठू लागला: एकाची ताटली काढायची वेळ झाली होती, दुसऱ्याला भांडारात जायचं होतं. लांबू शेवटी उठला. निघताना खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर थांबला, काही बोलेल असं वाटलं. मग त्याने पिशवी खांद्याला लावली आणि गेला.

ताईने उरलेलं जेवण सावकाश संपवलं. लांबलचक टेबलाच्या एका टोकाला ती एकटी होती, आणि टेबलावर पाण्याच्या पेल्यांची ओली वर्तुळं उरली होती. जागा बदलावी असं तिला वाटलं नाही. डबा धुतला, फडक्याने ती वर्तुळं पुसली आणि ती वर गेली.

खोलीत पंखा घुमत होता. आजपासून नवी पद्धत होती, तिनेच ठरवलेली. फॉर्माल्डिहाइडची ताटली वेगळी, कोरीची वेगळी, रिकाम्या वाट्यांची वेगळी. प्रत्येकीच्या झाकणाभोवती चिकटपट्टी, आणि बाधलेली ताटली दुसऱ्या कपाटात. जागा दुप्पट लागणार होती आणि वेळही. ताईने हातमोजे चढवले, पहिली ताटली उचलली आणि चिकटपट्टीच्या गुंडाळीचं टोक बोटाने शोधायला लागली.